वेलाचं वय कुठून मोजायचं?

१९८० साली फ्रान्समधल्या बोन गावात काही जाणकार मंडळी लाल वाइनचे पेले पुढ्यात घेऊन बसली होती. कोणत्या पेल्यात कोणाची वाइन आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हा घाट घातला होता रोबेर द्रुअँ यांनी. द्रुअँ घराणं याच बर्गंडी प्रांतातलं, १८८० पासून वाइनच्या धंद्यातलं. आदल्याच वर्षी गो-मियो या प्रकाशनाने पॅरिसमध्ये वाइनचं एक ‘ऑलिंपिक’ भरवलं होतं. पिनो नुआर हे बर्गंडीचं लाडकं काळं द्राक्ष, आणि त्याच्या वाइनच्या गटात पहिल्या दहांत एक बाटली आली होती अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली. ओरेगनमध्ये पिनो पिकतं हेच बर्गंडीत बहुतेकांना माहीत नव्हतं. द्रुअँना वाटलं, समोर बर्गंडीचे खरे तगडे गडी नव्हतेच. म्हणून त्यांनी स्वतःच्या तळघरातल्या निवडक बाटल्या काढून सामना पुन्हा लावला.

पहिली आली त्यांचीच १९५९ ची शांबोल-म्युझिनी. दुसरी आली तीच ओरेगनची, १९७५ ची. फरक दोन दशांश गुणांचा.

ती बाटली भरणारा माणूस डेव्हिड लेट. तत्त्वज्ञानाचा पदवीधर. दंतवैद्य व्हायला निघाला होता, पण वाटेत कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागा पाहिल्या आणि दातांचा नाद सुटला. डेव्हिस इथल्या विद्यापीठात द्राक्षशेती शिकला. तिथली जाणती माणसं सांगत होती की ओरेगनमध्ये पाऊस फार, थंडी फार, तिकडे जाऊ नकोस. हा १९६५ मध्ये सुमारे तीन हजार काड्या घेऊन तिकडेच गेला. आधी रोपवाटिकेत काड्या रुजवल्या आणि पुढच्या वर्षापासून डंडी टेकड्यांवर त्या लावायला सुरुवात केली. सोबत बायको डायना. विलामेट खोऱ्यातला हा पहिला पिनो. बागेच्या माथ्यावर लाल शेपटीच्या ससाण्यांची घरटी होती, म्हणून बागेचं नाव ठेवलं ‘आयरी’, म्हणजे शिकारी पक्ष्याचं घरटं. बागेवर पोट भरेना, तेव्हा लेट कॉलेजची पाठ्यपुस्तकं विकत फिरायचा. वाइन बनायची मॅकमिनव्हिल गावातल्या पोल्ट्रीच्या एका जुन्या कारखान्यात. पहिली वाइन १९७० ची. ती इतकी फिकट निघाली की तिच्यावर पिनो नुआर लिहायलाही तो धजावला नाही. ‘ओरेगन स्प्रिंग वाइन’ असं मोघम नाव लावून त्याने ती विकली.

आज त्याच वेलांची वाइन ‘मूळ वेलांची’ म्हणून वेगळी भरली जाते. डेव्हिड २००८ मध्ये गेला. त्याआधी, २००५ पासूनच, कारभार त्याचा मुलगा जेसन पाहतो. बागेचे तुकडे वेगवेगळे आणि त्यांच्या बाटल्याही वेगवेगळ्या. वेल साठीच्या घरात आले. बाटलीवर ते वय मिरवलं जातं आणि ग्राहक त्याचे जास्त पैसे आनंदाने मोजतो.

पण जरा हिशेब करून पाहा. ज्या १९७५ च्या वाइनने बर्गंडीवाल्यांची झोप उडवली, तिचे वेल तेव्हा किती वर्षांचे होते? जेमतेम दहा, काही त्याहूनही लहान. म्हणजे या कुटुंबाची कीर्ती पोरसवदा वेलांनी कमावली आणि आता किंमत वसूल होते आहे म्हाताऱ्या वेलांच्या नावावर. मग जुन्या वेलात असतं तरी काय? आणि मुळात द्राक्षाच्या वेलाचं वय मोजायचं तरी कुठून? हा दुसरा प्रश्न अधिक मजेचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

पिनो नुआरचं बी कोणी पेरत नाही. बी पेरलं तर येणारा वेल पिनो नसतो. आईबापांच्या गुणांची सरमिसळ होऊन भलतंच काही उगवतं. त्यामुळे शेकडो वर्षं माणूस एकच करत आला आहे: आवडलेल्या वेलाची काडी तोडायची आणि दुसरीकडे लावायची. बर्गंडीतला पिनो, ओरेगनमधला पिनो, न्यूझीलंडमधला पिनो, ही एकाच झाडाची पसरलेली अंगं आहेत. त्या झाडाचा मूळ बुंधा कुठे होता, ते कधी उगवलं, कोणालाच माहीत नाही. इतकं नक्की की १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे या भरघोस पिकणाऱ्या द्राक्षाचे वेल उपटून टाकायचं फर्मान काढलं, तेव्हा पिनो तिथे मानाने नांदत होता. गामे बाहेरचा, हलका, पिनो घरंदाज. सहाशे वर्षांनी, १९९९ मध्ये, डीएनए तपासणीचे निकाल छापून आले. गामे हे पिनोचंच पोर निघालं! आई-बापांपैकी एक पिनो आणि दुसरं ‘गुए ब्लां’ नावाचं गावंढळ, आंबट, शेतकऱ्यांनी वाढवलेलं द्राक्ष. याच जोडीची दुसरी संतती म्हणजे पांढऱ्या वाइनचं जगप्रसिद्ध शार्दोने. ड्यूकने घराबाहेर काढलं ते घरचंच लेकरू होतं.

एकच झाड इतकी शतकं काड्यांच्या रूपाने जगू शकतं का? याचा एक पुरावा ओर्लेआं शहरातल्या उत्खननात सापडला. मध्ययुगीन थरात मिळालेल्या द्राक्षाच्या एका बीचं जनुकीय वाचन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते आजच्या सावान्यां ब्लां या द्राक्षाशी तंतोतंत जुळलं. सावान्यां हा पिनोचा अगदी जवळचा नातलग. ते बी सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचं. नऊशे वर्षांत एकदाही नवा जन्म नाही, निव्वळ काडीवरून काडी.

आता एवढ्या लांबच्या प्रवासात काही तरी बिघडणारच. पेशी दुभंगताना बारीक चुका होतात आणि कधीकधी अख्खा डोळाच बदलून जातो. पिनोच्या एखाद्या काडीवर अचानक करड्या-गुलाबी मण्यांचा घड लागतो. तो पिनो ग्री. कधी रंगच हरवतो. तो पिनो ब्लां. ही तीन वेगळी द्राक्षं नाहीत, एकाच वेलाच्या तीन तऱ्हा आहेत. एकाच घडात अर्धे मणी काळे आणि अर्धे करडे असंही दिसतं, आणि क्वचित एकाच मण्यावर दोन्ही रंगांचे पट्टे. २००७ मध्ये पिनोच्या वंशातल्या वेलाचा जीनोम वाचून झाला. फळझाडांमध्ये हा मान पहिल्यांदा द्राक्षाला मिळाला. त्यात सुमारे तीस हजार जनुकं सापडली. माणसापेक्षा जास्त, ही गोष्ट मी माणूस म्हणून फार मनाला लावून घेत नाही.

तर झाड शेकडो वर्षांचं, पण आपल्यासमोर उभा असलेला वेल साठ वर्षांचा. हे साठ वर्षांचं मोजमापही तसं अलीकडचं आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या बर्गंडीत जाऊन कोणा शेतकऱ्याला विचारलं असतं, ‘तुझे वेल किती वर्षांचे?’, तर त्याला प्रश्नच कळला नसता. तेव्हा बागेत ओळी नव्हत्या, तारा नव्हत्या. एखादा वेल थकला की शेजारच्या वेलाची काडी वाकवून जमिनीत पुरायची आणि टोक बाहेर काढायचं. आपण ज्याला दाब कलम म्हणतो तेच. पुरलेल्या भागाला मुळं फुटायची, नवा वेल उभा राहायचा. असं दरवर्षी बागेच्या एखाद्या कोपऱ्यात चाले. वडाच्या पारंब्या उतरत जातात आणि मूळ खोड कोणतं ते शोधून सापडत नाही, तशी ही बाग जमिनीखालून सरकत राहायची. तिला म्हातारपण नव्हतं आणि बालपणही नव्हतं.

मग आला मावा. आपल्याकडच्या पानांवरच्या माव्याचाच भाऊबंद, पण हा मुळांवर बसतो. नाव फायलोक्सेरा. उत्तर अमेरिकेतून रोपांबरोबर १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये उतरला आणि १८७० च्या दशकात बर्गंडीच्या उंबरठ्यावर पोहोचला. युरोपी वेलाच्या मुळाला तो डसला की जखम भरत नाही, मूळ कुजतं, आणि काही वर्षांत वेल वाळतो. अमेरिकेतल्या रानवेलींनी मात्र या किड्याशी जुळवून घेतलेलं होतं. त्यामुळे उपायही तिथूनच आला: खाली अमेरिकन खुंट, वर युरोपी डोळा. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाइतदाराला यात नवल वाटणार नाही. त्याची बाग डॉगरीज खुंटावर उभी असते. आपल्याकडे खुंट वापरात आला तो मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमिनीमुळे, पण तोही आहे अमेरिकनच. बर्गंडीत या कलमांमुळे दाब कलमाची रीत संपली, कारण पुरलेली काडी स्वतःची मुळं सोडते आणि ती पुन्हा माव्याच्या तोंडी जातात. आता बाग एका वर्षी एकदम लावायची, ओळीत लावायची. वेलाला जन्मतारीख मिळाली ती अशी. ‘जुने वेल’ ही चीजच फायलोक्सेराने जन्माला घातली असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

एक तुकडा तेवढा हट्टाने जुन्या रीतीवर राहिला. रोमाने-काँती, १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरही नाहीत. मालकांनी औषधं जमिनीत टोचून टोचून तिथले कलम न केलेले वेल जगवले. दुसऱ्या महायुद्धात औषध मिळेना, राबायला माणसं मिळेनात. १९४५ मध्ये त्या बागेतून कशाबशा सहाशेच्या आसपास बाटल्या निघाल्या, आणि मग वेल उपटले गेले. १९४७ मध्ये कलमी वेल लावले, आणि पुढची रोमाने-काँती आली ती थेट १९५२ ची. त्या शेवटच्या १९४५ च्या पिकाची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. ती आली होती आपल्या ओळखीच्या रोबेर द्रुअँ यांच्या खासगी तळघरातून. एका बाटलीला इतके पैसे देणं हा शुद्ध वेडेपणा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, पण त्या वेडेपणाला इतिहास आहे हेही खरं.

आता पहिल्या प्रश्नाकडे. जुन्या वेलात असतं काय?

वसंतात वेलाला पान नसतं, तेव्हा फूट निघते ती आधीच्या वर्षीच्या साठ्यावर. तो साठा खोडात आणि मुळांत पिठूळ रूपात असतो. आपल्या बागाइतदारालाही ‘काडीत अन्नसाठा झाला का?’ ही चिंता असतेच. साठ वर्षांच्या वेलाचं खोड मांडीएवढं, मुळांचा पसारा मोठा, म्हणून साठाही मोठा. एखादं वर्ष गारठ्याचं गेलं, एखादं कोरडं गेलं, तर तरुण वेल लगेच हबकतो. जुना आपल्या गंगाजळीवर वेळ निभावून नेतो. त्याची वाइन दरसाल उत्कृष्ट होईलच असं नाही, पण वाईट वर्षी ती फार वाईट होत नाही. बोन गावात द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासूनच्या आहेत. त्या तपासल्यावर दिसलं की १९८८ नंतर तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होते आहे. उन्हाळे असे तापत असताना निभावून नेण्याची ही ताकद चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

दुसरं, जुना वेल घड कमी धरतो. त्यात बरेचदा विषाणू मुरलेले असतात, फुलं नीट फळत नाहीत, घडात वाटाण्याएवढे बारीक मणी राहतात. आपल्याकडे अशा घडाला व्यापारी हात लावणार नाही. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून तर जीए (जिबरेलिक ॲसिड) या संप्रेरकाच्या फवारण्या आणि त्यात घड बुडवणं, म्हणजे डिपिंग, चालतं. पिनोवाला मात्र त्याच बारक्या मण्यांवर खूश असतो. पिनोचं साल पातळ, त्यात रंगद्रव्य कमी. चव आणि वास जे काही असतं ते बव्हंशी सालीत. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. फिकट रंगाच्या या वाइनमध्ये चेरीचा, ओल्या पालापाचोळ्याचा, कधी गुलाबाचा वास एकाच घोटात येतो, त्याचं थोडं श्रेय या आजारपणाला आहे. म्हातारपणाचं कौतुक करताना त्यातलं दुखणं कोणी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

तिसरं पाणी, आणि इथे डंडी टेकड्यांची माती महत्त्वाची. विलामेट खोऱ्यात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. आपल्या अगदी उलट. लेटच्या बागेत ठिबक नाही, पाटपाणी नाही. जमीन नांगरतही नाहीत. माती लालभडक, चिकण. तिला जोरी म्हणतात आणि ओरेगनने २०११ मध्ये तिला राज्याची अधिकृत माती ठरवलं. ही माती झिजून तयार झाली आहे बेसॉल्टपासून. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट निघाले आणि शेकडो किलोमीटर वाहत इथवर आले. सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या जातीच्या उद्रेकातून झाला त्याच जातीचा हा उद्रेक, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही चिकण माती हिवाळ्याचं पाणी खोलवर धरून ठेवते. वरून कोणी पाणी देत नाही म्हटल्यावर मुळांना त्याच्या मागे खाली जावंच लागतं, आणि हे काम एका-दोन वर्षांत होत नाही. जुन्या वेलाचा सगळ्यात भरवशाचा गुण मला हाच वाटतो. ठिबकवर वाढलेल्या वेलाची मुळं नळीभोवतीच घोटाळतात. तो तीस वर्षांचा झाला तरी या अर्थाने जुना होत नाही.

एवढं असूनही, जुन्या वेलाची वाइन डोळे झाकून ओळखता येते असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर सावध राहावं. १९८० मध्ये त्या पेल्यांसमोर बसलेल्या मंडळींना दहा वर्षांच्या पोराने चकवलं होतंच. पहिल्या एक-दोन पिकांत, वेलावर भार कमी असताना, फार सुंदर वाइन निघते हे बागाइतदार स्वतःच सांगतात. मग वेल जोमात येतो, भरमसाट फळतो, आणि चव पातळ होते. वय वाढलं की तो आपसूक आवरता होतो. तरुण वेलाची विरळणी करूनही बरंच साधता येतं. जुन्या वेलावर तितकी कात्री चालवावी लागत नाही, इतकंच.

म्हणून माझं मत असं झालं आहे की जुना वेल ही आधी पैशाची गोष्ट आहे आणि मग चवीची. चाळीस-पन्नास वर्षांच्या वेलाचं उत्पन्न घटत जातं, खोडात बुरशी शिरते, दर हिवाळ्यात ओळीतले काही वेल मेलेले निघतात. हिशेबनीस म्हणतो, उपटा. नवी लागवड तिसऱ्या वर्षी फळावर येईल. कर्जावर बाग घेतलेली कंपनी त्याचं ऐकते, आणि त्यात तिची चूक नाही. आपल्याकडे तर वेलाला हिवाळी झोपच नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, वर्षातून दोनदा त्याला कापून उठवायचं. बारा-पंधरा वर्षांत बाग थकते आणि काढली जाते. जुन्या बागा उरतात त्या बहुधा जिथे जमीन घरची आहे, कर्ज फिटलेलं आहे आणि आजोबांनी लावलेल्या ओळीला कुऱ्हाड लावताना कोणाचा तरी हात अडतो तिथे. बर्गंडीत वारशाच्या वाटण्या होत होत क्लो द व्हूजो ही एका भिंतीतली पन्नास हेक्टरची बाग आज ऐंशीच्या आसपास मालकांची झाली आहे. एकेकाच्या वाट्याला काही ओळी. एवढ्याशा ओळी असल्या की माणूस त्यांना नावानिशी ओळखतो.

शांबोल-म्युझिनी गावातल्या कोंत द व्होग्युए घराण्याची गोष्ट मला त्या दृष्टीने फार आवडते. १४५० पासून जमीन त्याच वंशात. म्युझिनी या अव्वल दर्जाच्या बागेचा मोठा हिस्सा त्यांचा. कायद्याने त्या बागेतल्या कुठल्याही फळत्या वेलाची वाइन ‘म्युझिनी’ म्हणून विकता येते. पण पंचवीस वर्षांखालच्या वेलांची वाइन ते एक पायरी उतरवून, कमी मानाच्या नावाने विकत आले आहेत. कोणी सक्ती केलेली नाही. स्वतःच्या खिशातून पैसे जाताना केलेली ही निवड मला वेलाच्या वयाबद्दलच्या कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त पटते.

डंडी टेकड्यांवर दरम्यान एक गमतीदार वळण आलं. त्या १९८० च्या निकालाने चमकलेल्या द्रुअँनी १९८७ मध्ये तिथेच जमीन घेतली आणि मुलगी व्हेरोनिक तिथली वाइन करू लागली. फ्रेंचांनी दुधाने तोंड पोळून घेतलेलं. त्यांनी वेल लावले ते अमेरिकन खुंटावर कलम करून. अमेरिकन लेटचे वेल मात्र स्वतःच्याच मुळांवर. १९९० मध्ये ओरेगनमध्ये फायलोक्सेरा सापडला. पुढे तो लेट कुटुंबाच्या बागेतही पोहोचला. तरी त्यांनी सरसकट उपटण्याचा मार्ग धरला नाही. न नांगरलेल्या जमिनीत किडा संथ पसरतो असा त्यांचा भरवसा.

बर्गंडीत आणि इतरत्रही मेलेल्या वेलाच्या जागी एकेक नवा वेल लावला जातो, आणि जाणता शेतकरी त्यासाठी काडी घेतो ती आपल्याच बागेतल्या निरोगी जुन्या वेलांची. म्हणजे साठ वर्षांच्या ओळीत मध्येच दोन वर्षांचं रोप उभं असतं, आणि ते पुन्हा तेच झाड असतं. अशा ओळीला जुनी म्हणायचं का? फ्रान्सच्या कायद्यात ‘व्हिएय व्हिन्य’ म्हणजे जुने वेल या शब्दांना आजही वयाची अट नाही. वीस वर्षांच्या बागेवर कोणी ते छापलं तर अडवता येत नाही. द्राक्ष आणि वाइनविषयीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ओआयव्हीने, २०२४ मध्ये एकदाची व्याख्या केली. वेल पस्तीस वर्षांचा झाला की जुना. कलमी असेल तर खुंट-डोळ्याचा सांधा तितकी वर्षं अबाधित हवा. आणि बाग जुनी ठरायला तिच्यातले ८५ टक्के वेल तसे हवेत. उरलेले पंधरा टक्के काल लावलेले असले तरी चालतात.